स्नायूंचे बळ आणि खेळाडूची दुखापत

वेगाने धावणारा खेळाडू अकस्मात थांबतो आणि मांडीची मागची बाजू हाताने दाबून धरतो, हे दृश्य मैदानावर वारंवार पाहावयास मिळते. त्याला कोणाचा धक्का लागलेला नसतो किंवा पाय खड्ड्यातही पडलेला नसतो. स्नायू आपल्याच ओढीने फाटलेला असतो. फुटबॉल, हॉकी, क्रिकेट, शर्यती यांसारख्या ज्या ज्या खेळांत पूर्ण वेगाने धावावे लागते, त्या सर्वांत ही दुखापत आढळते. तिचा सर्वात त्रासदायक गुण असा की, ती एकदा झाली म्हणजे पुन्हा होण्याचा संभव पुष्कळच वाढतो.

मांडीच्या मागील बाजूस तीन स्नायू असतात. खेळाडू त्यांना एकत्रितपणे ‘हॅमस्ट्रिंग’ म्हणतात. बैठकीच्या हाडापासून निघून ते गुडघ्याखाली जाऊन मिळतात, म्हणजे कंबर व गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडतात. त्यांपैकी बाहेरच्या बाजूच्या स्नायूला दोन मुळे असून वेगाने धावताना बहुधा त्याचेच लांब मूळ दुखावते. धावताना पुढे फेकलेला पाय जमिनीला टेकण्यापूर्वीचा क्षण येथे निर्णायक ठरतो. त्या वेळी मांडी पुढे आलेली असते, गुडघा झपाट्याने सरळ होत असतो आणि पुढे झेपावणाऱ्या नडगीला आवरण्याचे काम या स्नायूंकडे असते. अशा वेळी स्नायू आखडत नाही; तो ताणला जात असतानाच ओढ धरून राहतो. उतारावरून जाणाऱ्या गाडीला मागून दोर लावून सावकाश सोडावे, त्या जातीचे हे काम आहे. दोर ओढण्याचा सराव कितीही केला, तरी तो सोडताना लागणारे बळ त्यातून पुरतेपणी येत नाही.

दुखापत झाल्यावर पहिले काही दिवस विश्रांती आवश्यक असते, याबद्दल वाद नाही. फाटलेल्या जागी रक्त साकळते, सूज येते व हळूहळू वणाची ऊती तयार होते. परंतु विश्रांती लांबली तर स्नायू रोडावतो आणि वणाच्या तंतूंना ओढीची दिशा मिळत नाही. वेदना थांबली म्हणजे दुखापत बरी झाली, असे मानणारा खेळाडू वस्तुतः पूर्वीपेक्षा दुबळा स्नायू घेऊन मैदानात उतरत असतो.

दुखावलेल्या अवयवाला भारी वजन देऊन बळ परत आणावे, हा विचार खेळाच्या मैदानावर जन्मलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील लष्करी रुग्णालये जखमी सैनिकांनी भरून गेली होती. गुडघा किंवा मांडी दुखावलेल्यांना त्या काळी हलका भार देऊन एकच हालचाल पुष्कळ वेळा करावयास लावीत. शिकागो येथे काम करणारे लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म स्वतः वजने उचलण्याचा व्यायाम करीत असत. ही पद्धत त्यांनी उलटी केली. पायात लोखंडी बूट बांधून, रुग्ण जास्तीत जास्त दहा वेळा उचलू शकेल इतके वजन ते त्याला देत आणि बळ वाढेल तसे वजन वाढवीत. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. आरंभी ते रोज सत्तर ते शंभर आवर्तने करवून घेत. १९४८ पर्यंत वीस ते तीस पुरेशी आहेत, असे त्यांना आढळून आले. पहिली दहा आवर्तने निम्म्या वजनाने, नंतरची पाऊण वजनाने आणि शेवटची पूर्ण वजनाने, हा त्यांचा क्रम पुढे जगभर रूढ झाला.

हॅमस्ट्रिंगसाठी आज जो व्यायाम सर्वात अधिक अभ्यासला गेला आहे, त्याला तर वजनाचीही गरज नाही. खेळाडूने घडी घातलेल्या सतरंजीवर गुडघे टेकावेत आणि सोबत्याने त्याचे घोटे घट्ट धरावेत. मग गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचे अंग ताठ ठेवून, मांडीमागील ओढीने शरीर रोखीत, शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जावे. तोल धरवेनासा झाला की हातांवर पडावे आणि हातांनीच जमीन रेटून पुन्हा वर यावे. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचच्या दोन फेऱ्या पुरेत. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, सहा-सहाच्या दोन फेऱ्या. तिसऱ्यापासून तीन दिवस व तीन फेऱ्या, आणि पाचव्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत बारा, दहा व आठ अशी चढण आखलेली आहे. ही चढण मोडून पहिल्याच दिवशी पराक्रम करू पाहणाऱ्याला दोन दिवस जिना उतरणे कठीण जाते आणि तो हा व्यायाम कायमचा सोडून देतो.

डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांतील ९४२ खेळाडूंवर याची कसोटी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्या ४६१ खेळाडूंत या स्नायूच्या १५ दुखापती झाल्या, तर नेहमीचाच सराव करणाऱ्या ४८१ खेळाडूंत ५२. पूर्वी दुखापत झालेल्यांना तर अधिकच लाभ झाला. या व्यायामाने स्नायूचे बळ वाढतेच, शिवाय त्याचे तंतूही लांब होतात, असे मोजमापांवरून दिसते.

उपचारातही हेच तत्त्व लागू पडते. स्वीडनमधील ७५ दुखापतग्रस्त फुटबॉलपटूंची दोन गटांत विभागणी करून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्नायू ताणत असतानाच त्यावर भार देणारे व्यायाम एका गटाला दिले होते, रूढ व्यायाम दुसऱ्याला. पहिला गट सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला परतला, दुसऱ्याला ५१ दिवस लागले. अर्थात, दिवस मोजून परत जाण्याची तारीख ठरवणे चुकीचेच होय. दाबल्यावर दुखू नये, सरळ पाय दोन्ही बाजूंना सारखाच वर उचलला जावा, दोन्ही पायांच्या बळात फारसा फरक नसावा आणि पूर्ण वेगाच्या धावा पुन:पुन्हा निर्धास्तपणे घेता याव्यात. एवढे झाल्यावरच सामन्याचा विचार करावा.

इतका साधा उपाय सर्वत्र रुजला असेल, अशी वाचकाची समजूत होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत युरोपातील ५० व्यावसायिक क्लबांच्या एकूण १५० हंगामांपैकी अवघ्या १६ हंगामांत हा कार्यक्रम पूर्णपणे पाळला गेल्याचे आढळले. वैद्य, उपचारक व साधने हाताशी असलेल्या संघांची ही कथा. आपल्याकडील जिल्हा पातळीवरचा कबड्डीपटू, किंवा बसल्या जागेवरून उसळी घेऊन धावणारा खो-खोपटू, यांना यांतले काहीच सहजी मिळत नाही. नोकरीतील खेळाडूंची जागा अनेकदा एखाद्या निवड-स्पर्धेवर अवलंबून असते. त्यामुळे तेल चोळून, पट्टी बांधून तो मैदानात उतरतो, यात नवल नाही. परंतु त्यालाही सतरंजी आणि घोटे धरणारा सोबती तरी मिळू शकतो. मात्र दुखापतीच्या वेळी कट्कन आवाज झाला, बैठकीच्या हाडाजवळ मोठा काळानिळा डाग उमटला आणि चालणेही अशक्य झाले, तर कंडरा हाडापासून सुटलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी व्यायाम सुरू न करता त्वरित अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवणेच इष्ट. शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास ती पहिल्या काही आठवड्यांत करणे सोपे जाते.