पोटरीला हात कोण लावणार?

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण पुण्यात झालं. पंधराव्या दिवशी टाके काढून त्यांना देवरुखला घरी आणलं. आता सहा आठवडे होत आले. डॉक्टर म्हणाले, “एवढ्या लांब कशाला येता? व्हिडिओ कॉलवर दाखवा.” घाटातला प्रवास सासूबाईंनाही नको वाटतो. पण नणंदबाईंचं म्हणणं, हात न लावता कसली तपासणी? ऑपरेशन झालं, आता अंग काढून घेताहेत. आम्ही काय करावं?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : नणंदबाईंचं अर्धं म्हणणं मला पटतं. हात लागायलाच हवा. पण तो पुण्याहूनच यावा लागतो का, हे बघू. डॉक्टर अंग काढून घेताहेत असं मात्र एवढ्यावरून म्हणता येणार नाही. आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा पाहायचं, तर ते दूरस्थ पद्धतीने चालतं, हे त्यांत स्पष्ट आहे. सासूबाई त्यातच मोडतात. आणि “हे असं कळत नाही, प्रत्यक्ष भेटू” असं सांगून तो सल्ला मध्येच थांबवण्याचा हक्क डॉक्टरांइतकाच रुग्णालाही आहे. तो वापरायला संकोच करू नका.

आता गुडघ्याकडे येऊ. सहाव्या आठवड्याला आम्ही अस्थितज्ज्ञ मुख्यतः काय पाहतो? गुडघा पूर्ण सरळ होतो का, किती वाकतो, चाल कशी आहे, जखम कोरडी आहे का, पोटरी सुजली आहे का, आणि नव्या सांध्याचा एक्स-रे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी फोनवर चांगल्या दिसतात. काही वेळा ओपीडीपेक्षा चांगल्या. दवाखान्यात आजी डॉक्टरांसमोर ताठ चालून दाखवतात, घरी कॉटवरून उठताना खरं काय होतं ते कळतं. एकदा एका बाईंचा गुडघा काही केल्या सरळ होत नव्हता. व्हिडिओवर पाहिलं तर गुडघ्याखाली जाडजूड उशी, सुनेने प्रेमाने ठेवलेली! गुडघा कायम वाकलेला ठेवला तर तो तसाच आखडत जातो. उशी काढली, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. ओपीडीत ती उशी मला कधीच दिसली नसती.

फक्त फोन धरायची एक पद्धत आहे. सासूबाईंना पलंगावर आडवं करा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी द्या आणि फोन बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर धरा. वरून धरलेल्या फोनमध्ये वाकडा गुडघाही सरळ दिसतो. नंतर खुर्चीत बसवून टाच मागे ओढायला सांगा. सहा आठवड्यांनीही गुडघा काटकोनाच्या पलीकडे जात नसेल, तर प्रवास टाळू नका. आखडलेला गुडघा भूल देऊन मोकळा करायचा तर तो साधारण पहिल्या तीन महिन्यांत करणं बरं, पुढे तो हट्टी होतो.

जखमेच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. टाळेबंदीत एका रुग्णाची जखम फोनवर पाहिली, गुलाबी, स्वच्छ, “छान आहे” म्हणालो. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलायला आलेल्या सिस्टरचा फोन : “सर, कड गरम लागतेय आणि गॉज ओला आहे.” मुलाने सेल्फीचा कॅमेरा लावला होता, आणि त्यातली चेहरा उजळवणारी सोय चालूच होती. तिने चेहऱ्याबरोबर जखमेची लालीही पुसून टाकली होती. सिस्टरच्या बोटांनी रुग्णाचा गुडघा वाचवला, माझ्या डोळ्यांनी नव्हे. तेव्हापासून मी मागचा कॅमेरा, खिडकीचा उजेड आणि दुसरा गुडघाही शेजारी दाखवा, असं सांगतो.

म्हणूनच नणंदबाईंच्या “हात न लावता”मध्ये दम आहे. उष्णता, ओलावा, पोटरी दाबल्यावरची कळ हे कॅमेऱ्याला कळत नाही. पोटरीतली रक्ताची गुठळी तर हातालाही नेहमी कळत नाही, डॉपलर सोनोग्राफी लागते.

यावर नॉर्वेत एक छान अभ्यास झाला. तिथे उत्तर टोकाला ट्रॉम्सोचं विद्यापीठ रुग्णालय आहे आणि तिथून बराच लांब आल्टा हे गाव. हाडांच्या ३८९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींना ट्रॉम्सोच्या ओपीडीत बोलावलं, काहींना आल्टाच्या केंद्रातून व्हिडिओवर पाहिलं. २०१६ साली निष्कर्ष आले, आणि सल्ल्याचा दर्जा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच निघाला. पण बातम्यांत हरवणारी गोष्ट अशी, की आल्टातला रुग्ण घरी सोफ्यावर एकटा बसलेला नव्हता. त्याच्या शेजारी हाडांच्या कामात तयार झालेली परिचारिका होती आणि एक्स-रे तिथेच निघत होता. डॉक्टर पडद्यावर, हात खोलीत.

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. सरकारच्या ई-संजीवनीचा एक प्रकार असाच चालतो. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतात आणि दूरचा डॉक्टर पडद्यावर असतो. फक्त तो डॉक्टर तुमचा शल्यविशारद असेलच असं नाही. म्हणून तुम्ही घरच्या घरी छोटं आल्टा उभं करा. देवरुख किंवा रत्नागिरीतल्या एखाद्या अस्थितज्ज्ञाला, ते नसतील तर विश्वासातल्या फॅमिली डॉक्टरना, आधी पायाला हात लावू द्या. उभं राहून समोरून आणि बाजूने एक्स-रे काढा. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून फोटो पाठवू नका, केंद्राकडून मूळ फाईल मागा. मग व्हिडिओ कॉल करा, आणि जमलं तर तो त्या स्थानिक डॉक्टरांसमोरच करा. पुण्याचा गुडघा तपासायला काही डॉक्टर कचरतात. ते टाळायचं तर पुण्याच्या डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा.

व्यायामांबद्दल निश्चिंत असा. अमेरिकेत गुडघा बदललेल्या ३०६ जणांवर झालेल्या चाचणीत, घरी पडद्यावरून फिजिओथेरपी घेणारे १२ आठवड्यांनंतर नेहमीच्या पद्धतीने घेणाऱ्यांच्या मागे नव्हते, आणि खर्च कमी आला.

दुखणं थांबत नाही म्हणून फोनवर जोरदार गोळी मागाल, तर मिळणार नाही. गुंगी आणणारी, सवय लावणारी औषधं व्हिडिओवर लिहून द्यायला मनाई आहे. अनेकांना शस्त्रक्रियेनंतर मिळणारं ट्रामाडॉलही २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे. दुसरं, याहून महत्त्वाचं : जखम स्रवत असेल, ताप येत असेल, तर फोनवरून अँटिबायोटिक सुरू करून घेऊ नका, आणि शेजारच्या मेडिकलमधून तर मुळीच नको. आधी सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायचं असतं. गोळ्या पोटात गेल्या की जंतू त्या पाण्यात सापडत नाही आणि आत मात्र तो राहतो. अशा वेळी पुण्याचा रस्ता धरायचा. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी रत्नागिरीत सोनोग्राफी. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर कॉल कसला लावता? जवळच्या रुग्णालयात धावा.

सगळं ठीक असेल, तर तिसऱ्या महिन्याला एकदा पुण्याला जाऊन या. तोवर सासूबाई घाटाची वळणं सोसतील. वाटेत तासाभराने गाडी थांबवून त्यांना चार पावलं चालवा.

प्रश्न : मुलाच्या (वय ११) मनगटाचं हाड बसवून प्लॅस्टर घातलं आहे. डॉक्टर दर आठवड्याला एक्स-रेला बोलावतात. प्लॅस्टरचा फोटो पाठवून भागणार नाही का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. बसवलेलं हाड पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्लॅस्टरच्या आतल्या आत सरकू शकतं. बाहेरून प्लॅस्टर तसंच दिसतं, मुलगाही मजेत खेळत असतो. सरकलेलं वेळेत दिसलं तर पुन्हा बसवता येतं, उशीर झाला तर ते तसंच जुळतं. फोटो एका कामासाठी जरूर पाठवा : बोटं सुजली, निळसर किंवा पांढरी पडली तर. आणि बोट हलकेच सरळ करताना तो किंचाळत असेल, औषधानेही कळ थांबत नसेल, तर फोटोच्या उत्तराची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी प्लॅस्टर सैल करून घ्या.