आर्थिक निर्बंध आणि आपलें शेत

या मासिकाच्या पानांवर बोंडअळी, बियाणें आणि खतें यांची चर्चा नेहमींच होते. आज आम्ही जो विषय घेत आहों तो वरवर पाहतां राजकारणाचा वाटेल. पण त्याची झळ थेट आपल्या बांधापर्यंत येते, म्हणून तो शेतकऱ्याचाहि आहे.

सन 2025 च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेनें भारताच्या मालावर प्रथम शेंकडा 25 आणि 27 तारखेपासून आणखी शेंकडा 25 अशी जकात बसविली. या दुसऱ्या पंचविसाचें कारण असें दिलें कीं, भारत रशियाचें तेल विकत घेतो. त्या हंगामांत आर्णीच्या बाजारांत पुष्कळांनीं आम्हांस विचारलें, "भांडण रशियाशीं, तेल घेणार कारखानदार, मग आमच्या कापसानें काय घोडें मारलें?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न होय.

निर्बंध म्हणजे काय?

एका राष्ट्राचें वर्तन दुसऱ्यांस अमान्य झालें, युद्ध तर करावयाचें नाहीं, पण स्वस्थहि बसावयाचें नाहीं. अशा वेळीं त्या राष्ट्राशीं होणारा व्यवहार तोडणें किंवा अडविणें यास आर्थिक निर्बंध म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचें 41 वें कलम सुरक्षा परिषदेस तसा अधिकार देतें. याशिवाय एखादें राष्ट्र किंवा युरोपीय संघासारखा समूह आपल्यापुरते निर्बंध घालूं शकतो. हें हत्यार आपणहि वापरलें आहे. दक्षिण आफ्रिकेंत आपल्या लोकांचा वर्णभेदानें छळ होत असे, म्हणून सन 1946 मध्यें हिंदुस्थानानें त्या देशाशीं व्यापार तोडला होता.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून दृष्टांतहि तेथलाच देतों. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत बोजाची एक ओळ चढली म्हणजे शेताचें काय होतें? माती तीच, विहीर तीच, नांगरहि चालतो. परंतु बँक दुसरें कर्ज देत नाहीं आणि घेणारा इसार देत नाहीं. कुंपण कोणी घातलेलें नसतें, तरी शेत अडलेलें असतें. निर्बंध हा राष्ट्राच्या सातबाऱ्यावर चढविलेला बोजा होय.

चार दारें

माल देशाबाहेर जाऊन त्याचा पैसा घरीं येण्यास चार दारें उघडीं लागतात: गिऱ्हाईक, जहाज व बंदर, विमा आणि बँक. यांपैकीं एक बंद झालें तरी उरलेलीं तीन निरुपयोगी ठरतात.

बंदराचें उदाहरण आपल्या खताचेंच घ्या. भारतांत पोटॅश जवळजवळ सर्व बाहेरून येतें, आणि जगांतील पोटॅशचा सुमारें पांचवा हिस्सा बेलारूस देशांत निघत असे. त्या देशास समुद्र नाहीं. त्याचा माल शेजारच्या लिथुआनियाच्या बंदरांतून जाई. युरोपीय संघ व अमेरिका यांनीं सन 2021 मध्यें बेलारूसवर निर्बंध घातले आणि 1 फेब्रुवारी 2022 पासून लिथुआनियानें ती वाहतूक बंद केली. त्याच महिन्यांत रशिया व युक्रेन यांचें युद्ध पेटलें. जगभर पोटॅश महागलें. कपाशीस आपण जें 10:26:26 देतों, त्यांतील शेवटचे 26 भाग पालाशाचे, म्हणजे याच पोटॅशचे असतात, हें ध्यानांत घ्यावें.

बँकेचें दार तर सर्वांत बळकट. निरनिराळ्या देशांतील बँका एकमेकींस पैशाचे निरोप पाठवितात ते बहुतेक 'स्विफ्ट' नांवाच्या बेल्जममधील संस्थेमार्फत. सन 2012 मध्यें इराणच्या आणि सन 2022 मध्यें रशियाच्या कांहीं बँका या व्यवस्थेंतून काढण्यांत आल्या. शिवाय डॉलरचा व्यवहार बहुधा अमेरिकेच्या बँकांतून जातो, त्यामुळें किल्ली त्यांच्या हातीं राहते.

नवी फेरी कशासाठीं?

पाटाचें पाणी एका ठिकाणीं अडविलें तर तें उंदराच्या बिळांतून वाट काढतें. तें बीळ बुजवावें तर दुसरें उघडतें. निर्बंधांच्या फेऱ्या म्हणजे हें बिळें बुजविण्याचें काम. रशियाच्या तेलाचें गिऱ्हाईक युरोपांत तुटलें, तेव्हां तें तेल स्वस्तांत आशियाकडे वळलें. सन 2022 पूर्वीं भारताच्या आयातींत रशियन तेल शंभरांत दोन भागांच्या आसपास असे. पुढें तें सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर गेलें. 5 डिसेंबर 2022 पासून पाश्चात्य राष्ट्रांनीं नियम केला कीं, समुद्रमार्गें जाणारें रशियन कच्चें तेल पिंपास 60 डॉलरांहून अधिक दरानें विकलें गेल्यास त्यास आमचें जहाज व आमचा विमा मिळणार नाहीं. तेव्हां रशियानें जुनीं जहाजें जमवून आपली निराळी वाहतूक उभी केली. मग त्या जहाजांचीं नांवें यादींत चढूं लागलीं. जुलै 2025 मध्यें युरोपीय संघानें अठरावी फेरी काढली. तींत गुजरातेंतील वाडीनारचा तेलशुद्धीचा कारखानाहि आला, कारण त्यांत रशियन कंपनीची भागी आहे.

प्रत्येक फेरीबरोबर निर्बंधाचा रोख मूळ अपराध्याकडून तिऱ्हाइताकडे सरकतो. प्रथम म्हणतात, 'आम्ही त्याच्याशीं व्यवहार करणार नाहीं.' नंतर म्हणतात, 'जो त्याच्याशीं व्यवहार करील, त्यासहि आम्ही अडवूं.' आपण या दुसऱ्या वाक्यांत सांपडतों.

सोयाबीन व कापूस

अन्नास व चाऱ्यास निर्बंधांतून बहुधा सूट असते. मग सोयाबीनला भीति कोणती? इराण हा आपल्या सोयाबीनच्या ढेपेचा मोठा गिऱ्हाईक होता. सन 2012 पासून अशी सोय होती कीं, भारतानें इराणी तेलाची किंमत कलकत्त्याच्या यूको बँकेंत रुपयांत भरावी आणि त्याच रुपयांतून इराणनें आपला तांदूळ, चहा, ढेप घ्यावी. अमेरिकेच्या दडपणानें मे 2019 मध्यें भारतानें तें तेल घेणें थांबविलें. खात्यांत नवे रुपये येईनात, जुने संपत चालले आणि खरेदी आटली. ढेपेवर बंदी कोणींच घातली नव्हती. विहिरीचा झराच आटला.

कापसाची गोष्टहि अशीच आडवाटेची. सन 2025 च्या जकातीमुळें अमेरिकेंत आपलें कापड महागलें व गिरण्यांच्या मागण्या घटल्या. गिरण्यांस कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून सरकारनें 19 ऑगस्टपासून परदेशी कापसावरील शेंकडा 11 आयातकर माफ केला. ही माफी पुढें 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढविली. म्हणजे आपला नवा कापूस घरांत येण्याच्या वेळींच परदेशी गांठींस दार उघडें राहिलें. सर्व दोष यासच द्यावा असें नाहीं. जगाचा बाजार त्या काळीं मंद होता आणि अतिवृष्टीनेंहि पीक बिघडलें होतें. परंतु घसरत्या गाडीस हा एक धक्का अधिक बसला.

निर्बंध घालणाराहि सुटत नाहीं. जानेवारी 1980 मध्यें अमेरिकेनें सोव्हिएट रशियास धान्य विकणें बंद केलें. रशियानें तें अर्जेंटिनाकडून घेतलें, अमेरिकेचा शेतकरी ओरडूं लागला आणि एप्रिल 1981 मध्यें बंदी उठवावी लागली.

बोजा उतरण्यास वेळ लागतो

आमच्या नोकरींत एका शेतकऱ्याचें कर्ज फिटून दोन वर्षें झालीं तरी बोजा उतरला नव्हता. मुलीच्या लग्नासाठीं त्यास एक एकर विकावयाचें होतें. फेरफाराचा कागद ज्या गठ्ठ्यांत दबला होता तो आमच्याच टेबलावरचा होता, हें आज कबूल करितों. राष्ट्रांचेंहि असेंच होतें. जानेवारी 2016 मध्यें इराणवरील पुष्कळ निर्बंध उठले. पण मोठ्या बँका भीतीनें दूरच राहिल्या आणि मे 2018 मध्यें अमेरिकेनें पुनः मागें फिरण्याचें जाहीर केलें. म्हणून निर्बंध उठल्याची बातमी वाचून दुसऱ्याच दिवशीं भावाची आशा धरूं नये.

शेतकऱ्यानें काय करावें?

राष्ट्रांचीं भांडणें मिटविणें आपल्या हातीं नाहीं. आपलें दार राखणें आहे.

1. माती तपासून गरजेपुरतेंच पोटॅश द्यावें. पऱ्हाटी जाळूं नये. बारीक करून कुजविल्यास तींतला पालाश शेतास परत मिळतो.

2. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीची नोंदणी हंगामापूर्वींच करावी. सन 2025–26 सालीं लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलास 8,110 रुपये होता, पण ओलावा शेंकडा 8 हून वाढतांच भाव कापला जाई व 12 च्या वर कापूस घेत नसत. वाळवून नेणें हीच पहिली कमाई.

3. सोयाबीन एकाच दिवशीं सर्व विकूं नये. भाव विचारतांना ढेपेस परदेशीं गिऱ्हाईक आहे कीं नाहीं हेंहि विचारावें.

4. दुसऱ्याच्या अडचणीनें आलेली तेजी आपली समजूं नये. सन 1861 मध्यें लिंकननें अमेरिकेच्या दक्षिणेचीं बंदरें अडविलीं. ती युद्धांतली नाकेबंदी होती, तरी परिणाम तोच झाला. वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. सन 1865 मध्यें युद्ध संपलें, मुंबईचा बाजार कोसळला, आणि तेजीच्या भरंवशावर काढलेलें कर्ज तेवढें मागें उरलें.

आर्णीच्या बाजारांतील त्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच: आपल्या कापसानें कांहींएक अपराध केला नव्हता. तो तिऱ्हाईत होता, आणि दार दुसऱ्याचें बंद होत असतां त्याचें बोट चौकटींत सांपडलें. कोणतें दार केव्हां बंद होत आहे यावर जो शेतकरी नजर ठेवील, त्याचें बोट वेळेवर निघेल.