ग्रंथाची फाइल : सीमाभागातील मराठी मुद्रणासाठी सॉफ्टवेअरची निवड

बीदर जिल्ह्यातील मन्नाएखेळ्ळी हे गाव सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तरी इथल्या घरांतले मराठी बोलणे आणि लिहिणे चालूच राहिले. कवितासंग्रह, गावाचा इतिहास, भजन-कीर्तनाची संकलने, शोधप्रबंध असे लेखन होत असते. ते छापण्यासाठी सोलापूर, लातूर, कलबुर्गी किंवा हैदराबाद गाठले जाते. म्हणजे पुस्तकाची फाइल एका संगणकावर तयार होते आणि दुसऱ्या गावच्या संगणकावर उघडते. छापखान्यात मराठी वाचणारा माणूस असेलच, असे नाही.

अशा वेळी ‘कोणते सॉफ्टवेअर चांगले?’ हा प्रश्न लेखक विचारतात. तो थोडा बदलून विचारायला हवा. आपला मजकूर त्यात युनिकोडमध्ये राहतो का? मराठी जोडाक्षरे त्यात बिनचूक जुळतात का? आणि छापखान्याला लागणारी पीडीएफ त्यातून निघते का? या तीन कसोट्या याच क्रमाने लावाव्यात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मजकूर कोणत्या संकेतनात आहे?

खिळ्यांच्या छपाईत पाने छापून झाली की खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणांत टाकत. दुसरी आवृत्ती काढायची तर जुळणी नव्याने करावी लागे. संगणक आल्यावर ही अडचण संपायला हवी होती. मराठीच्या बाबतीत ती बराच काळ संपली नाही.

याचे कारण जुन्या फाँटांच्या रचनेत आहे. त्यांत देवनागरी अक्षरांचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धे अक्षर, रफार हे सारे, रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या जागांवर बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसे. फाइलमध्ये मात्र रोमन चिन्हे साठत. तोच फाँट असेल तरच मजकूर वाचता येई, नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्याने एका फाँटातील मजकूर दुसऱ्यात जात नसे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. तिला युनिकोड कळत नाही; त्यामुळे पेजमेकरवर झालेली मराठी अक्षरजुळणी अशाच फाँटांत अडकलेली आहे.

सीमाभागात हा प्रश्न तिपटीने वाढतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांची पदे मराठीप्रमाणेच कन्नड आणि हिंदी-उर्दूतही आहेत. त्यांच्यावरील पुस्तकात एकाच पानावर देवनागरी, कन्नड आणि उर्दू लिपी येऊ शकतात. जुन्या पद्धतीत मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी आणि उर्दूसाठी इनपेज अशा तीन वेगळ्या व्यवस्था लागत आणि त्यांचा एकमेकींशी मेळ नसे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा आहे. तिन्ही मजकूर एकाच फाइलमध्ये नांदतात.

२. मराठीची चाचणी

युनिकोड स्वीकारले म्हणजे पान आपोआप बिनचूक जुळते, असे नाही. साठवलेल्या वर्णांतून जोडाक्षर घडवण्याचे काम सॉफ्टवेअर आणि फाँट मिळून करतात. म्हणून सॉफ्टवेअर ठरवण्याआधी एक चाचणीपान तयार करावे. त्यात पुढील शब्द असावेत :

दर्या–दऱ्या, आचार्यांना–आचाऱ्यांना, कुऱ्हाड, तऱ्हा, राष्ट्र, वाङ्मय, ब्रह्म, शुद्ध, हृदय, मूर्ती, ॲप, ऑक्टोबर, ज्ञानेश्वर, लक्ष.

‘आचार्यांना जेवायला बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावले’ यांत निमंत्रित बदलतो. रफार आणि अर्धा ऱ यांतला भेद मराठीत अर्थाचा भेद आहे. हिंदीपुरती चाचणी घेतलेला फाँट नेमका इथे चुकू शकतो. हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. जुन्या फाँटातून रूपांतर केलेल्या मजकुरात हे हमखास तपासावे. पहिली पद्धत ठरवून सगळीकडे तीच ठेवावी.

‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही पाहावीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरवळणे प्रमाणित केली आहेत. अनेक फाँटांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात. परिच्छेदाची भाषा ‘मराठी’ निवडली तरच आपले वळण मिळते.

३. कोणत्या कामाला कोणते साधन?

*इनडिझाइन* हे व्यावसायिक मुद्रणातले रुळलेले साधन आहे. त्याच्या सीएस ६ आवृत्तीपासून (२०१२) भारतीय लिप्यांची सोय आहे. मात्र परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडावा लागतो. तो न निवडल्यास ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. दोष फाँटाचा वाटतो, पण असतो या एका निवडीचा.

*स्क्रायबस* मोफत व मुक्त आहे. त्याच्या १.४ आवृत्तीत देवनागरी नीट जुळत नसे, १.६ मध्ये जुळते. मुद्रणासाठीचे चार शाईंचे रंग आणि पीडीएफ-एक्स दोन्ही त्यात मिळतात. मर्यादित खर्चाच्या कवितासंग्रहाला किंवा महाविद्यालयाच्या वार्षिकाला ते पुरेसे आहे.

*लिबरऑफिस* मूळ मजकूर लिहिण्यास, तळटीपा आणि सूची सांभाळण्यास उत्तम. केवळ काळ्या शाईत छापायच्या पुस्तकाचा आतला मजकूर त्यातूनही देता येतो. रंगीत मुखपृष्ठ मात्र त्यात करू नये, कारण त्याची पीडीएफ पडद्याच्या रंगांत निघते.

*झीटेक* शिकायला वेळ लागतो. पण तळटीपा, संदर्भ आणि अनेक लिप्या असलेल्या संशोधनग्रंथाला ते फार उपयोगी पडते.

४. छापखान्याकडे देताना

पुस्तकाचा आकार आणि कागद आधी ठरवावा. पाने फर्म्याच्या हिशेबात, म्हणजे सोळाच्या पटीत, बसवली तर कागद वाया जात नाही. काठापर्यंत जाणारे चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवावे. चित्रे छपाईच्या आकारात ३०० डीपीआयची असावीत. मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. तो चार शाईंनी बनला, तर प्लेटा जराशा सरकताच बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात. कण्याची रुंदी कागदावर अवलंबून असते, ती छापखान्याकडूनच घ्यावी. पीडीएफ करताना सर्व फाँट तिच्यात अंतर्भूत करावेत. शेवटचे मुद्रितशोधन याच पीडीएफच्या छापील प्रतीवर करावे. पडद्यावरच्या मूळ फाइलवर नव्हे.

५. काय जपायचे?

पीडीएफ हे छापण्याचे रूप आहे, जतनाचे नव्हे. तिच्यातून देवनागरी मजकूर परत काढताना अक्षरे मागेपुढे होतात. म्हणून अक्षरजुळणीचे काम देतानाच तीन गोष्टी मागून घ्याव्यात : दुरुस्त्यांसह युनिकोड मजकूर, मांडणीची उघडी फाइल आणि अंतिम पीडीएफ. जुने पुस्तक पुन्हा काढताना आधी त्याचा मजकूर युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ओळीने ताडून पाहावा. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे काम अभ्यास म्हणून देण्याजोगे आहे.

थोड्या प्रतींत निघणाऱ्या सीमाभागातील पुस्तकांना याची गरज अधिक आहे. प्रती संपल्या आणि फाइल उघडेनाशी झाली, की पुस्तक असूनही नसल्यासारखे होते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर दुसरी आवृत्ती, ई-पुस्तक, कोशासाठी शब्दसंग्रह, बोलीचा अभ्यास हे सर्व त्याच मजकुरातून होऊ शकते. सॉफ्टवेअर काही वर्षांनी बदलेलच. मजकूर त्याच्यावाचूनही वाचता आला पाहिजे.