अंगठा आपला, पैसे कुणी नेले? ओळखीच्या चोरीवर दाद मागण्याचा मार्ग

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात, एका आदिवासी भगिनीला देण्यात आला. पुढे रोजगार हमीची मजुरी, निराधारांचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती, रेशन हे सारे त्या बारा अंकांशी जोडले गेले. म्हणून दुसऱ्याची ओळख ज्याच्या हाती लागते, त्याच्या हाती त्या घरची भाकरीही लागते. अशी चोरी झाली तर सरकारी नियमांप्रमाणे दाद कशी मागायची, हा या अंकातील अभ्यासाचा विषय. महिला मंडळाच्या व कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे.

१. चोरी कशी होते

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू असताना खारघरच्या एका भगिनीचा अर्ज स्वीकारला जाईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज भरलेला होता. चौकशीत धागा सातारा जिल्ह्यापर्यंत गेला. वेगवेगळ्या स्त्रियांचे आधार क्रमांक वापरून एकाच ठिकाणाहून सुमारे तीस अर्ज भरल्याचे उघड झाले. त्या भगिनीने स्वतः अर्ज केला नसता तर तिला हे कळलेही नसते. ओळखीच्या चोरीची अडचण हीच आहे. घराचे कुलूप तुटले तर दिसते, ओळख चोरीला गेलेली दिसत नाही.

खेड्यात दुसरा प्रकार अधिक. अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढून देणारा माणूस म्हणतो, "सर्व्हर नाही, पुन्हा अंगठा लावा." दुसऱ्या अंगठ्याला पैसे निघतात, पण हातात येत नाहीत आणि पावतीही मिळत नाही. या व्यवहाराला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. तेलंगणात तर २०१८ मध्ये जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवून सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण पकडले गेले.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. नोकरी लावतो म्हणून तरुणाची कागदपत्रे घ्यायची आणि त्याच्या नावे खाते उघडून चोरीचा पैसा फिरवायचा. मालेगावात २०२४ मध्ये असे प्रकरण तपासाला आले. येथे फसलेल्या माणसाकडेच पोलीस आरोपी म्हणून पाहू लागतात.

२. पहिले तीन दिवस

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठी घालून दिलेला नियम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा. बँकेचीच चूक असेल, तर ग्राहकाने केव्हाही कळवले तरी नुकसान बँकेचे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास मूलभूत बचत खात्याच्या ग्राहकावर जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा भार येतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर सारे अवलंबून. आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे.

येथे नीट विचार करावा. ५,००० रुपयांची मर्यादा ऐकायला दिलासा वाटते. पण मजुराच्या खात्यातून गेलेले असतात दोन-तीन हजार. म्हणजे चौथा दिवस उजाडला की त्याची सारी रक्कम त्याच्याच माथी येऊ शकते. गरिबासाठी हा नियम खरे तर तीनच दिवसांचा आहे.

मुदत पैसे गेल्यापासून धरली जात नाही. व्यवहाराची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ती धरली जाते, आणि माहिती मिळाल्याचा दिवस सोडून द्यायचा असतो. म्हणून ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याच्या अर्जात "अमुक तारखेला पासबुक भरून घेतल्यावर कळले" असे स्पष्ट लिहावे आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी या नियमाने बँकेवर टाकली आहे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत निकाल लावावा, असेही त्यात आहे.

निर्गमाच्या २२ व्या अध्यायात शेजाऱ्याकडे राखायला दिलेली वस्तू चोरीला गेल्यास काय करावे, याचे नियम आहेत. तेथेही पहिला जाब विचारला जातो तो राखणाऱ्याला.

त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करावा, म्हणजे पैसा पुढे सरकण्याआधी गोठवण्याचा प्रयत्न होतो. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे व केव्हा वापरला गेला याची नोंद दिसते. ती छापून घ्यावी, पुरावा म्हणून उपयोगी पडते. अंगठ्याचे ठसे तेथेच कुलूपबंदही करता येतात. मात्र कुलूप असताना अंगठ्यावर रेशनही मिळत नाही, तेव्हा ते उघडावे लागते. हे न सांगता कुणाचे ठसे बंद करू नयेत.

३. बँकेने ऐकले नाही तर

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. यास शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि साध्या टपालानेही तक्रार पाठवता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

पोलिसांत तक्रार देताना हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते व तिची प्रत मोफत मिळते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार ओळखीच्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. आधार कायद्यातील गुन्ह्यांबाबत पूर्वी फक्त प्राधिकरणच न्यायालयात जाऊ शकत असे. २०१९ च्या दुरुस्तीने तो हक्क आधारधारकालाही मिळाला.

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००. हा हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे.

४. नियम कुठे कमी पडतो

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, पीडिताला त्यातून काही मिळत नाही. शिवाय भरपाईची वाट देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील जुने कलम ४३ अ हा कायदा काढून टाकतो. दोषीला शिक्षा होणे आणि पीडिताचे पैसे परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दुसरीचा पाठपुरावा सोडू नये.

५. आपल्या संस्थेची शिस्त

हा कायदा संस्थांनाही लागू होणार आहे. लकडगंजच्या कार्यालयात असो वा खेड्यातील वसतिगृहात, मुलांच्या आधारची पूर्ण प्रत लागल्याशिवाय मागू नये. शेवटचे चार अंकच दिसणारे आधार बहुतेक कामांना पुरते. प्रतीवर कारण व तारीख लिहावी. व्हॉट्सअॅपवर कुणाचीही कागदपत्रे पाठवू नयेत. देणगीदारांनीही आपण मदत करीत असलेल्या मुलाचा क्रमांक मागू नये. त्याचे नाव व प्रगती कळणे पुरेसे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील किती घरांत पासबुक दर महिन्याला भरले जाते? कोण भरून आणते?
२. अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढताना वृद्धांसोबत कोण जाईल? पावती कोण वाचून दाखवील?
३. तीन दिवसांत तालुक्याला पोहोचणे ज्यांना शक्य नाही, त्यांचा अर्ज लिहून नेण्याची जबाबदारी कोण घेईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावासह वहीत लिहून मगच बैठक संपवावी.