पाण्याचा अग्निबाण : उड्डाणाची नोंद व मापन
(इयत्ता सहावी ते आठवी, विज्ञान व गणित)

शीतपेयाची रिकामी बाटली, पुठ्ठ्याचे तीन पंख, थोडे पाणी आणि सायकलचा पंप एवढ्या सामग्रीवर पाण्याचा अग्निबाण तयार होतो. नावात अग्नी असला तरी त्यात ज्वलन नाही. दाबलेली हवा पाण्यास खाली ढकलते आणि बाटली वर जाते. क्रिया व प्रतिक्रिया यांचा नियम शिकविण्यास ह्याहून स्वस्त साधन क्वचितच मिळेल. अनेक शाळांतून हा प्रयोग होतो. अलीकडे त्याचे चित्रणही होते, कारण शिक्षकाजवळ स्मार्टफोन असतो. चित्रण पालकांच्या गटावर जाते, कौतुक होते आणि प्रयोग तेथेच संपतो. बाण किती उंच गेला, असे दुसऱ्या दिवशी विचारले तर वर्ग एकमुखाने उत्तर देतो, “खूप उंच!” परंतु ‘खूप’ हे माप नव्हे. त्याच फोनच्या साहाय्याने ‘खूप’ या शब्दाच्या जागी एखादा आकडा कसा आणावा, आणि तो आकडा कितपत खरा मानावा, हा ह्या पाठाचा विषय आहे.

द्रवरूप इंधनावर चालणारा पहिला अग्निबाण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑबर्न येथे १६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गॉडर्ड यांनी उडविला. त्यांच्या पत्नी एस्थर चलच्चित्र घेण्यास सज्ज होत्या. पण त्या काळच्या कॅमेऱ्यास घड्याळाप्रमाणे चावी द्यावी लागे आणि ती काही सेकंदच पुरे. इंजिन पेटले, बाण मात्र लगेच हलला नाही. तो हलण्यापूर्वीच चावी उतरली आणि ज्या उड्डाणाने पुढील सर्व इतिहास घडविला त्याचे चित्र मिळाले नाही. तरीही ते उड्डाण अडीच सेकंदांचे होते, बाण ४१ फूट उंच गेला व १८४ फुटांवर पडला, हे आज सर्वांस ठाऊक आहे. कारण हे आकडे गॉडर्ड यांच्या रोजनिशीत उतरले. विद्यार्थ्यांस ही हकीकत प्रयोगापूर्वीच सांगावी. चित्रण आकडे मोजण्यापूर्वी सुरू करावे आणि बाण जमिनीवर टेकल्यावरच थांबवावे, ही सूचना मग वेगळी द्यावी लागत नाही. वही कशासाठी आणावयाची, हेही मुलांच्या ध्यानात येते.

फोन बाणातच बसवून वर का पाठवू नये, असा प्रश्न कोणी ना कोणी हुशार मुलगा विचारतोच. प्रश्न चांगला आहे. गॉडर्ड यांनीही १९२९ साली वायुभारमापक, तापमापक व लहान कॅमेरा बाणातून वर पाठविले होते. परंतु फोनचे वजन सामान्यतः दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम असते आणि एक लिटरची रिकामी बाटली पंखांसह सुमारे शंभर ग्रॅमची. स्वारी घोड्याहून जड झाली तर शर्यत कसली? दुसरे असे की फोनमधील स्थाननिर्देशक यंत्रणा सहसा सेकंदाला एकदाच स्थान कळविते आणि उंचीच्या बाबतीत ती काही मीटरांनी सहज चुकते. चार सेकंदांच्या उड्डाणास तिचा उपयोग नाही. काही फोनांत वायुभारमापक असतो. जमिनीलगत एक मीटर वर गेल्यास हवेचा दाब एक दशांश हेक्टोपास्कलहून किंचित अधिक कमी होतो व चांगला मापक तो फरक दाखवितो. हे पाहण्यास मात्र बाणाची गरज नाही. फोन हाती घेऊन शाळेच्या गच्चीवर चढून जावे, तेवढे पुरे. फोनचे स्थान जमिनीवरच आहे.

आता सावधगिरी. बाटली केवळ वायुयुक्त शीतपेयाची असावी. साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. ज्या बाटलीवर पांढरट रेषा वा घड्या उमटल्या असतील ती टाकून द्यावी. बाणाच्या टोकाशी धातू, काच वा टोकदार लाकूड लावू नये. दाब दर चौरस इंचास ४० पौंडांपुढे नेऊ नये, पंप शिक्षकानेच मारावा आणि मुले किमान दहा मीटर दूर उभी असावीत. बुचाच्या साहाय्याने उडविलेला बाण स्वतःच्या मर्जीने सुटतो. दूर उभे राहून दोरी ओढताच सुटणारी खुंटी बसविली तर सुटण्याचा क्षण व दाब ही दोन्ही शिक्षकाच्या स्वाधीन राहतात. म्हणून मोजमापासाठी दुसरी रीतच योग्य.

फोन उड्डाणस्थळापासून ३० मीटरांवर, स्टुलावर अथवा विटांच्या आधाराने, उभा व स्थिर ठेवावा. जमीन चौकटीच्या तळाशी दिसावी आणि वर भरपूर आकाश असावे. बाणामागे फोन फिरविण्याचा मोह आवरावा. फिरविलेले चित्र पाहण्यास रम्य असते, पण मोजण्यास निरुपयोगी, कारण स्थिर खूण नाहीशी होते. उड्डाणस्थळी दोन मीटरांचा बांबू, अर्ध्या-अर्ध्या मीटरावर तांबडे व पांढरे पट्टे रंगवून रोवावा. आरंभीच्या काही मीटरांसाठी तोच मापपट्टीचे काम करील.

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. साध्या चित्रणात दर सेकंदास सामान्यतः ३० चित्रे घेतली जातात. बाणाचा वेग सेकंदास १५ मीटर असेल तर दोन चित्रांच्या दरम्यान तो अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. मंदगती चित्रणात अनेक फोन सेकंदास २४० चित्रे घेतात. तेव्हा हेच अंतर सुमारे सहा सेंटिमीटर होते आणि पाणी संपण्याचा क्षणही वेगळा दिसू लागतो. तथापि येथे एक फसगत होते. मंदगती चित्र दाखविताना काळ ताणला जातो. चार सेकंदांचे उड्डाण पडद्यावर बत्तीस सेकंद चालते. पडद्यावरील घड्याळ वाचून उंची काढणाऱ्या विद्यार्थ्याचा बाण मग डोंगर ओलांडून जातो! म्हणून चित्रे मोजावीत व त्या संख्येस २४० ने भागावे.

ह्या मोजणीतून दोन काळ मिळतात : सुटल्यापासून माथ्यापर्यंतचा आणि माथ्यापासून जमिनीपर्यंतचा. दुसरा अधिक उपयोगी, कारण खाली येताना बाटली रिकामी असते व तिला ढकलणारे काही नसते. समजा, तो काळ २ सेकंद आला. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राने उंची ९.८ च्या निम्म्यास २ च्या वर्गाने गुणून, म्हणजे १९.६ मीटर येते. जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेले व २०१६ पासून विनामूल्य मिळणारे ‘फायफॉक्स’ हे ॲप दोन आवाजांमधील वेळही मोजते. सुटण्याचा फुस्कारा आणि पडण्याचा धप्प आवाज यांवरून एकूण उड्डाणकाळ मिळावा, अशी ती योजना. पण बाण सुटताच मुले जो जल्लोष करतात त्यानेच ते घड्याळ बंद पडते. वर्गास चार सेकंद मौन पाळता आले तर हा प्रयोग अवश्य करावा.

उंची काढण्याची दुसरी रीत फोनवाचून चालते आणि म्हणूनच ती टाळू नये. कोनमापकाच्या सरळ कडेस कागदाची नळी चिकटवावी व मध्यबिंदूतून दोरा घेऊन त्यास ओळंबा बांधावा. नळीतून बाणाचा माथा पाहताच दुसऱ्या मुलाने दोरा कोनमापकावर बोटाने दाबून धरावा. दोरा ६२ अंशांवर असेल तर माथ्याचा कोन ९० वजा ६२, म्हणजे २८ अंश. ३० मीटरांसाठी १० सेंटिमीटर पाया घेऊन त्यावर २८ अंशांचा कोन काढला असता लंब ५.३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे १५.९ मीटर, त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची १.२ मीटर मिळविली की १७.१ मीटर. त्रिकोणमिती न शिकलेल्या विद्यार्थ्यासही हे आलेखाच्या कागदावर करता येते.

वाऱ्याने बाण पाहणाऱ्याकडे तीन मीटर सरकला तर पाया ३० ऐवजी २७ मीटर होतो, आणि कोन तेवढाच दिसला तरी उंची दीड मीटरहून अधिक घटते. ह्यास्तव समोरासमोरच्या दोन बाजूंस, प्रत्येकी ३० मीटरांवर, दोन निरीक्षक ठेवावेत. एकाच्या जवळ आलेला बाण दुसऱ्यापासून दूर गेलेला असतो. एकाहून अधिक ठिकाणांवरून पाहण्याची ही युक्ती मोठ्या प्रयोगांतही वापरली जाते. केरळमधील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताच्या भूमीवरून पहिला संशोधन-अग्निबाण सुटला, तेव्हा त्याने उंचावर सोडियमची वाफ सोडली होती. अशा वाफेच्या ढगाची निरनिराळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन वरच्या वातावरणातील वाऱ्याचा वेग व दिशा काढतात.

आता फळ्यावर दोन आकडे आहेत : १९.६ आणि १७.१. पाठाचा खरा भाग येथे सुरू होतो. सरासरी काढून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे करू नये. फोनचा आकडा यंत्राचा म्हणून खरा आणि दोऱ्याचा आकडा हाताचा म्हणून खोटा, असेही ठरवू नये. प्रत्येक रीत कोठे चुकू शकेल हे मुलांनी शोधावे. मुक्त पतनाचे सूत्र हवेचा विरोध नाही असे धरून चालते. रिकामी बाटली हलकी व जाड असल्याने हवा तिला चांगलीच अडविते, ती सावकाश पडते, वेळ वाढते व सूत्र उंची फुगवून सांगते. येथील उदाहरणात फोनने वेळ अचूक मोजली असूनही उंची दोन मीटरांनी अधिक येण्याचा संभव आहे. चूक मापनात नसून गृहीतात आहे, हे सातवीच्या मुलास स्वतःहून उमगले तर त्या दिवशीची तासिका कारणी लागली. ताडून पाहावयाचे असल्यास तीच बाटली दोन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली कोणी नाही अशी खात्री करून, शिक्षकाने सोडावी. गच्चीची उंची टेपने मोजलेली असते. पडण्याची वेळ फोन देतो. सूत्राचे उत्तर व टेपचे उत्तर शेजारी लिहावे. येथे वेळ कमी असल्याने फरक लहान दिसेल, आणि तो लहान का, हाही प्रश्न विचारता येईल.

वर्गास पुढे पाण्याच्या प्रमाणाचा शोध सोपवावा. एक लिटरच्या बाटलीत २००, ३०० व ५०० मिलिलिटर पाणी घालून, दाब तोच ठेवून, प्रत्येकी तीन उड्डाणे करावीत. दाब मात्र पंपाच्या दट्ट्यांवरून ठरवू नये. पाणी अधिक असेल तर हवेस जागा कमी उरते व तितक्याच दट्ट्यांनी दाब अधिक चढतो. दाबदर्शक असलेला पंप नसल्यास गावातील सायकलच्या दुकानातून तेवढ्या दिवसापुरता मागून आणावा. सकाळची वेळ निवडावी, कारण वारा सहसा मंद असतो. फोन पारदर्शक पिशवीत ठेवावा, परंतु भिंगासमोर प्लास्टिकची घडी येऊ देऊ नये. चित्रणात मुलांचे चेहरे येत असल्यास ते शाळेबाहेर पाठविण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी.

नोंदवहीत दिनांक, वारा, पाणी, दाब, चित्रांची संख्या, दोन्ही कोन व दोन्ही उंच्या असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना रुंद ठेवावा. बाण आडवा गेला, पंख निखळला, ओळंबा हलला, चित्रण सुरू करण्यास विसरले, हे सर्व त्यात लिहिले जावे. न उडालेल्या बाणासही वहीत एक ओळ द्यावी, पाण्याच्या व दाबाच्या आकड्यांसह.