वैनगंगेचा फुकटचा फिल्टर

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा मराठीतल्या चुका सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या भंडाऱ्याचाच आहे.

परवा काँक्रीट लॅबमध्ये वाळू चाळताना 4.75 मिलिमीटरच्या चाळणीवर एक चकचकीत तुकडा राहिला. शिंपल्याचा! मला पवनीकडची आजी आठवली. ती नदीतला शिंपला दगडावर घासून भोक पाडायची आणि त्याने कैरी सोलायची. आता म्हणते, "पान्यात पाय टाकला त शिंपलं लागतच नाही, बाई."

लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही आपल्या नद्या-तलावांतली नेहमीची जात. शिंपला तळात अर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक कण कल्ल्यांवर अडकवतो आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतो. वीज लागत नाही, बिल येत नाही! त्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात, मग तळाशी पडून वाढतात. म्हणजे मासा नाही, तर शिंपलाही नाही.

धोके:

1. वाळू उपसा. आपल्यासाठी ती बांधकामाचं मटेरियल, शिंपल्यासाठी घर.

2. धरण. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली. धरणामुळे पाणी साचतं, गाळ बसतो, माशांची ये-जा अडते. तलावातल्या जातींना हे चालून जातं, वाहत्या पाण्यातल्यांना नाही.

3. सांडपाणी. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते. फिल्टर झाला तरी किती गाळणार?

अमेरिकेने 2023 मध्ये शिंपल्यांच्या 8 जाती नामशेष म्हणून जाहीर केल्या. आपली वर सांगितलेली जात जागतिक लाल यादीत अजून धोक्याबाहेर आहे. म्हणूनच वेळ आत्ताच आहे.

संधी:

1. मालगुजारी तलाव. 1951 मध्ये मालगुजारी गेली, पण हे तलाव आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. गाळ काढताना एक कोपरा तसाच सोडला, तर तिथले शिंपले वाचतील.

2. मोती. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडे पाणी मत्स्यपालन संस्थेने याच जातीत मोती पिकवण्याचं तंत्र विकसित केलं. पण त्यासाठी नदीतलेच शिंपले गोळा केले, तर नदी रिकामी होईल. ते तलावात वाढवायला हवेत. ढिवर बांधवांना त्यातून रोजगारही मिळू शकतो.

3. सेन्सर. पोलंडमध्ये वॉर्साच्या पाणीपुरवठ्यात 8 शिंपल्यांवर सेन्सर बसवलेले असतात. पाणी बिघडलं की शिंपले मिटतात आणि अलार्म वाजतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना?

आपल्यापैकी कित्येक जण उद्या पूल, बंधारे बांधतील. वाळूचं एस्टिमेट काढताना त्या वाळूत कोण राहतं, एवढं आठवलं तरी पुष्कळ. तो तुकडा सर म्हणाले फेकून दे. मी तो कंपासपेटीत ठेवलाय.