पैठणीची उलटी बाजू

भाविकहो, क्षेत्राला जायचे ते देवदर्शनासाठी, हे खरेच. पण त्या क्षेत्रातल्या माणसांचे हात कोणत्या कामात गुंतले आहेत, तेही पाहून यावे. त्यात कधी कधी आपल्याच निरूपणातली चूक सापडते. माझी सापडली.

गेली चाळीस वर्षे नागपुरात आणि आसपासच्या खेड्यांत मी कीर्तनात एक दृष्टांत देत आलो. प्रपंच म्हणजे पैठणीची उलटी बाजू, नुसत्या गाठी आणि लोंबते धागे. परमार्थ म्हणजे सुलटी बाजू, मोर आणि कमळे. श्रोते माना डोलवीत, मीही खूश. पैठणी मात्र मी कधी उलटून पाहिली नव्हती!

यंदा नाथषष्ठीला पैठणास गेलो. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. इ.स. 1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथमहाराजांनी येथे गोदेत देह ठेवला. समाधीचे दर्शन झाले, वाड्यात श्रीखंड्याने भरलेला रांजण पाहिला. गर्दी ओसरल्यावर एका हातमागापाशी जाऊन बसलो. पैठणीचे बहुतेक माग आज नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याकडे. पैठणात थोडेच उरलेत.

ताणा रेशमाचा. पदराची जमीन जरीची, नक्षी रेशमाची, आणि प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. मागावरची माउली ताण्याचे धागे बोटांनी मोजी, तेवढ्यातच त्या रंगाची कांडी घाली. हिरवा संपून जर सुरू होई तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून माघारी फिरवी. अशा एका पदराला कित्येक आठवडे लागतात, भरगच्च नक्षी असली तर महिने.

मी तिला माझा दृष्टांत ऐकवला. ती हसली, आणि तयार पदर माझ्या हातात देऊन म्हणाली, "महाराज, यातली उलटी बाजू कोणती, ते तुम्हीच सांगा."

मी पदर दहादा फिरवला. दोन्हीकडे तोच मोर, तीच वेल. सांगता येईना!

"मागं धागे लोंबतात ते यंत्रावरच्या मालाला," ती म्हणाली. "तिथं रंग पाठीमागून ओढत नेतात. आम्ही जिथल्या तिथं सांधतो. पण गिऱ्हाईक उलटून बघत नाही, आणि म्हणतं, एवढी महाग कशी?"

आता सिद्धांत पाहा. प्रपंच आणि परमार्थ या वस्त्राच्या दोन बाजू नव्हेत. एकाच ताण्यावरचे ते दोन रंग. प्रपंचाचे कर्म जिथे संपले तिथेच त्याला नामाचा धागा अडकवायचा. "साठीनंतर बघू" म्हणणारा आपला धागा पाठीमागून ओढत नेतो. समोरून दिसत नाही, पण लोंबतोच. नाथांनी गिरिजाबाईंसह संसार केला, मुले वाढवली, आणि त्याच घरात हरिकीर्तन चालवले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर कारभार पाहत. जमाखर्चातली एका पैची चूक रात्रभर जागून सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण सारे सांगतो. स्वामी म्हणाले, एवढ्याशा चुकीचा इतका आनंद, तर संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! माझी पै चाळीस वर्षांनी सापडली. टाळी त्या माउलीच्या मागापाशी वाजली.

परत आल्यावर पहिल्याच कीर्तनात मी जुना दृष्टांत चुकीचा होता असे उभ्याने कबूल केले. श्रोत्यांत एक कोष्टी गृहस्थ होते. ते नंतर म्हणाले, "बुवा, आपल्या विदर्भातल्या करवतकाठीची किनारसुद्धा अशीच तीन धोट्यांनी सांधून विणतात. पैठणला कशाला गेलात?" तेही खरेच. घरच्या मागाकडे कधी लक्षच गेले नाही.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानी धरा. हातमागाचे वस्त्र घ्याल तेव्हा उलटून पाहा, आणि हाताने विणलेले असेल तर भाव पाडून मागू नका. त्या दरात कुणाचे तरी महिने आहेत. आणि रात्री निजण्यापूर्वी आपला दिवसही एकदा उलटून पाहा. काही लोंबत असेल तर तिथल्या तिथे सांधा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!